आडनाव विचारणारी खोली

पुण्यात नोकरी लागली तेव्हा ऑफिसपासून दहा मिनिटांवर एक खोली बघितली. मालकांना मी पसंत होतो, आडनाव सांगेपर्यंत. मग त्यांना आठवलं, "आम्ही फॅमिलीलाच देतो." अशा चार खोल्या गेल्या. एजंट म्हणाला, "आडनाव जरा गुळमुळीत सांगा ना." एकदा तसं सांगूनही पाहिलं, लपवत नाही, पण पुढे आधार कार्ड मागितलंच.

शेवटी शहराच्या टोकाला, आपल्याच वस्तीत जागा मिळाली. भाडं कमी, पण जायला-यायला रोज तीन तास. त्या तीन तासांत माझा संध्याकाळचा क्लास बुडाला तो कायमचा.

बसमध्ये बाबासाहेबांचं बडोदं आठवायचं. 1917 साली पारशी नाव लावून ते तिथल्या पारशी धर्मशाळेत राहिले. काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. शहरात दुसरा आसरा मिळेना, म्हणून कोलंबियात शिकलेला हा माणूस मुंबईला परतला. आधी छप्पर गेलं, मग नोकरी.

मित्रांनो, आरक्षणावर आपण रात्रभर भांडतो, खोलीवर गप्प बसतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 नुसार गुन्हा आहे. मालक जात म्हणतच नाही, 'फॅमिली' म्हणतो; पुरावा उरत नाही. म्हणून मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा. 'मालक तुमच्या लोकांना देत नाहीत' हा एका एजंटचा मेसेज माझ्याकडे अजून आहे. मी तेव्हा तक्रार केली नाही. नोकरी नवी होती, भीती वाटली.