नोवोकाइन: सुईच्या टोकावरचा प्रवास

कझाक भाषेत ‘नोवोकाइन’ आले रशियनमधून. नाव घडले जर्मनीत, १९०५च्या सुमारास. लॅटिन ‘नोवुस’ म्हणजे नवा, आपल्या ‘नव’चाच भाऊबंद. ‘काइन’ हे कोकेनचे शेपूट, आणि कोकेनमधील ‘कोका’ अँडीजमधल्या केचुआ लोकांच्या ‘कुका’ या पानाचा. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी कोकेनला निर्धोक पर्याय शोधला; नावातून मात्र कोकेन गेले नाही.

बधिर करण्याला कझाक म्हणतात ‘झान्सिझदान्दिरू’. त्यातला ‘झान’ म्हणजे फारसी ‘जान’, मराठीतही रुळलेली. अर्थ, निर्जीव करणे. आपण म्हणतो ‘भूल’. पण हिरडीत सुई शिरते तेव्हा मी काहीच विसरत नाही. तेवढ्याच जागेतून जीव जातो. म्हणून मला कझाक शब्द अधिक खरा वाटतो.