घासलेले कवच

जुना झालेला बोलिंगचा गोळा वळेनासा झाला की तो ‘मेला’ असे म्हणून नवा घेण्याची रीत अमेरिकेतील टेनपिन खेळाडूंत रूढ आहे. वास्तविक पुष्कळदा गाभ्यावरचे कवच, म्हणजे बाहेरचा थर, तेवढा गुळगुळीत होऊन त्यात लेनवरचे तेल मुरलेले असते. फाऊल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतची 60 फुटांची लेन दिसायला एकसारखी असली, तरी पूर्वी लाकूड जपण्यासाठी लावले जाणारे तेल तिच्या साधारण पहिल्या 40 फुटांवरच असते, आणि नेहमीच्या क्लबांत तेही मधोमध दाट व कडांना विरळ असते. गोळा तेलावर घसरतो आणि कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. ही पकड कोठे सुरू व्हावी, हे खेळाडू कवच घासून पुष्कळसे ठरवतो. ग्रिट म्हणजे घासणाऱ्या पॅडच्या कणांचा बारीकपणा सांगणारा आकडा. 500 ग्रिटने खरखरीत केलेला गोळा दाट तेलातही लवकर पकड घेतो, तर 4000 ने घासून पॉलिश केलेला दूरवर घसरत जाऊन मग झटक्यात वळतो.

या संदर्भात बोलिंगपटू डॉन मॅक्यून पुन्हा पुन्हा आठवतो. त्याने 1973 मध्ये प्लास्टिकचा गोळा द्रावकात भिजवून कवच मऊ केले आणि व्यावसायिक दौऱ्यावरील सहा स्पर्धा जिंकल्या. पुढे कवचाच्या कठीणपणाला किमान मर्यादा घालण्यात आली. पण त्याने भिजवून मिळवलेली पकड कारखान्यांनी 1980 च्या दशकात युरेथेनने आणि नंतर सूक्ष्म छिद्रांच्या रिॲक्टिव्ह रेझिनने मिळवली, तेव्हा तिला प्रगती म्हटले गेले. प्रस्तुत लेखकाचा कल उघडपणे भिजवणाऱ्याकडे आहे.

विजारीवर घासला जाणारा क्रिकेटचा चेंडू मराठी वाचकाला येथे आठवेल, परंतु हे साम्य फसवे आहे. तेथे एक बाजू चकचकीत व दुसरी खडबडीत ठेवण्यातच कसब असते, तर युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या नियामक संस्थेच्या नियमानुसार घासणी सबंध गोळ्यावर सारखीच असावी लागते. योगायोग असा की एकाच सुमारास दोन्ही खेळांत ओल्या उपायांवर बंदी आली: क्रिकेटमध्ये 2020 साली महासाथीमुळे थुंकीवर, आणि बोलिंगमध्ये 2019 साली स्पर्धा चालू असताना गोळा पुसण्याच्या द्रवांवर. स्पर्धा सुरू झाल्यावर कवच घासायलाही मनाई आहे, पण लेन मात्र थांबत नाही, कारण प्रत्येक गोळा थोडे तेल उचलतो, थोडे पुढे नेतो, आणि त्याच घर्षणाने स्वतःही गुळगुळीत होत जातो. म्हणजे नियम फक्त माणसाच्या हाताला बांधतो.

स्पर्धेबाहेर असा ‘मेलेला’ गोळा सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवला, तर मुरलेले तेल कवचातून बाहेर येते. ते पुसून पृष्ठभाग पुन्हा घासला की गोळा बरेचदा वळू लागतो, आणि यासाठी लागणारे पॅड नव्या गोळ्याच्या मानाने इतके स्वस्त असतात की विक्रेते हा उपाय आपणहून सुचवतील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.