काजळी

आमच्या आजीचा एक सिद्धांत होता : ज्या भांड्यात तोंड दिसत नाही, ते भांडे घासलेलेच नाही. तांब्या-पितळेला चिंच, चुलीवरच्या पातेल्यांना राख आणि नारळाची शेंडी, ही तिची आयुधे. घासता घासता आमच्या बोटांची सालटी निघत, पण तिचे समाधान होत नसे. स्वच्छ म्हणजे लखलखीत, हे समीकरण त्यामुळे माझ्या मनात असे पक्के बसले की, त्यात काही खोट असेल ही शंकासुद्धा मला कधी शिवली नाही. ती खोट पुढे एका पिस्टनने दाखवून दिली.

1987 सालची गोष्ट. बी. ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपून मी सुट्टीला कराडला मामांकडे गेलो होतो. मामांचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. गॅरेज कसले, पत्र्याची एक शेड आणि पुढे कडुनिंबाचे झाड! ‘‘नुसतं बसून खाण्यापेक्षा चार पाने ओळखायला शीक,’’ असे म्हणून त्यांनी मला कामाला लावले. तोवर पुस्तकांचीच पाने ओळखणाऱ्या मला ही दहा-अकराची आणि बारा-तेराची लोखंडी पाने नवीनच होती.

तो काळ स्कूटरचा होता. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत आणि मग दारात आलेल्या गाडीला घरातल्या माणसासारखे जपत. या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक. त्यांत वंगणाचे तेल वेगळे नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळायचे. एका लिटरला साधारण 20 मिलिलिटर. पेट्रोलबरोबर तेही जळते, पण पुरते जळत नाही. जे उरते त्याची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आत, धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर आणि सायलेंसरमध्ये थरावर थर बसत जाते. मग गाडी चढाला दम टाकते, पेट्रोल जास्त खाते. थर फार वाढला तर काजळीचे कण आतल्या आत निखाऱ्यासारखे लाल राहतात आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोलच्या वाफेला पेटवतात. इंजिन ठोके देऊ लागते. अशी गाडी आली की मामा म्हणत, ‘‘कार्बन झालाय. खोलावं लागंल.’’

खोलणे मी लवकर शिकलो. सायलेंसर सोडवायचा, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा बोल्ट काढून इंजिन खाली घ्यायचे, पंख्याच्या हवेचे पत्र्याचे झाकण दूर करायचे, हेडचे नट थोडेथोडे, समोरासमोरचे ढिले करायचे, मग सिलिंडर अलगद ओढून घ्यायचा. की आतला पिस्टन काळाकुट्ट चेहरा घेऊन समोर उभा! त्याच्या माथ्यावर एक बाण कोरलेला असतो. बसवताना त्याचे टोक धुराच्या वाटेकडे ठेवायचे. काजळीखाली तो बाणही दिसेनासा झालेला असे.

साफ करण्याची मामांची रीत मात्र मला कंटाळवाणी वाटे. पिस्टन रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. सकाळी कळकाची कामटी छिनीसारखी तासून घ्यायची आणि तिने मऊ झालेला थर ढकलत, उचलत काढायचा. हट्टी जागा असेल तर पितळेची बोथट पट्टी. रिंगा बसतात त्या खाचांसाठी जुन्या रिंगेचा मोडका तुकडा, तोही हलक्या हाताने. कारण खाच रिंगेच्याच मापाची असते, तिथली काजळी निघाली पाहिजे, धातूचा कणही निघता कामा नये. सायलेंसरला ते कॉस्टिक सोड्याचे पाणी पाजत, पण पिस्टनला त्या पाण्याचा शिंतोडाही लागू देत नसत. ‘‘लोखंड सोसतं. हे ॲल्युमिनियम हाय, सोड्यात फसफसून विरघळतं,’’ ते म्हणत. आणि एवढे सगळे करून शेवटी पिस्टनच्या माथ्यावर एक पातळ, तपकिरी झाक ते तशीच राहू देत. मला वाटे, मामांना आता नीट दिसत नसावे!

मे महिन्यात एका गुरुजींची स्कूटर आली. गुरुजींची शाळा दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात होती. मामा सामान आणायला कोल्हापूरला गेले होते. पिस्टन माझ्या हातात होता आणि डोक्यात आजी होती. कामटी मी बाजूला ठेवली. एमरी पेपर घेतला आणि माथा घासला, बाजू घासल्या. खाचांमध्ये हॅकसॉचे तुटके पाते घातले. तासाभरात पिस्टन असा चकाकला की त्यात माझे तोंड दिसू लागले! रॉकेलने धुतला, पुसला, बसवला. मामा आले तेव्हा गाडी सुरू होती. त्यांनी आवाज ऐकला आणि मान डोलावली. मी काही बोललो नाही. आपली करामत त्यांना सांगून चकित करावे असे वाटले होते, पण ‘कामटी का नाही वापरलीस?’ हा प्रश्न टाळलेलाच बरा, असेही वाटले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पंधरवड्याच्या आत, पहिल्या पावसात भिजत, गुरुजी गाडी ढकलत आले. किक पोकळ लागत होती. मामांनी इंजिन खोलले. सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. त्यांनी पिस्टन उजेडात धरला. नव्या रिंगेचा तुकडा खाचेत घालून हलवला. तो खुळखुळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. एकदाच.

नेमके काय झाले होते ते मला त्या रात्री कळले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, कारण ते बिडापेक्षा हलके आणि उष्णता लवकर वाहून नेणारे. पण मऊही तितकेच. एमरीचे कण त्याच्या अंगात रुतून बसतात, नुसत्या धुण्याने निघत नाहीत, आणि मग तोच पिस्टन बिडाच्या सिलिंडरला कानशीसारखा घासत राहतो. पुढे पुस्तकात वाचले की एमरीतला धारदार भाग म्हणजे कुरुंद आणि कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचेच ऑक्साइड. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा 10, तर कुरुंद 9. म्हणजे भाऊबंदकी माणसांतच असते असे नाही!

‘‘गुरुजी, काम आमच्या हातनं बिघडलं,’’ मामा म्हणाले. ‘‘बोअर करून, नवा पिस्टन घालून देतो. पैसे द्यायचे न्हाईत.’’ गुरुजी ‘‘बरं’’ म्हणाले आणि छत्री उघडून एस. टी. स्टँडकडे निघाले. मी दोन हातांवर उभा होतो. ‘आमच्या’ या शब्दामागे मी दडून राहिलो.

आठ दिवस गुरुजी एस. टी.ने आणि फाट्यापासून पायी शाळेत गेले. मामांनी मला एका शब्दाने टोकले नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते. नवव्या दिवशी गाडी घरी पोचवायला मीच गेलो. गुरुजींनी चहा दिला. कप खाली ठेवून मी म्हणालो, ‘‘गुरुजी, ते काम मामांनी नव्हतं केलं. मी केलं होतं.’’

‘‘ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या मामांच्या हातून ते व्हायचं नाही. कधी सांगतोस तेवढंच पाहत होतो.’’

निघताना मामांनी तो पिस्टन माझ्या पिशवीत घातला. गेली कित्येक वर्षे तो माझ्या टेबलावर कागद दाबून ठेवण्याचे काम करतो आहे. योगायोग असा की, 1913 साली डब्ल्यू. ओ. बेंटले हे इंग्रज अभियंते फ्रान्समधल्या डी. एफ. पी. मोटारींच्या कारखान्यात गेले असता त्यांना पिस्टनच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा पेपरवेट दिसला. त्यावरून त्यांनी आपल्या मोटारीत त्याच धातूचे पिस्टन बसवून पाहिले आणि ते यशस्वी ठरले. त्यांच्या पेपरवेटचा पिस्टन झाला. माझ्या पिस्टनचा पेपरवेट!

आता मी मराठी शिकवतो. या पिस्टनखाली मुलांचे निबंध असतात. पहिल्या काही वर्षांत मी लाल शाईने ते असे घासत असे की, मूळच्या मुलाचे एक वाक्य शिल्लक राहत नसे. वहीत माझे तोंड दिसू लागे आणि मुलगा पुन्हा निबंध आणून देत नसे. हल्ली हात आखडता घेतो. व्याकरणाची काजळी काढतो, पण एखाद्याच्या गावची जी तपकिरी झाक भाषेवर असते, ती तशीच राहू देतो. कुठे थांबायचे याची खात्री मला अजूनही नसते. मामांच्या हाताला ती होती.

2020 मध्ये एका जुन्या प्रसिद्ध स्कूटरचे नाव धारण करून विजेवरची स्कूटर बाजारात आली. तिच्यात पिस्टनच नाही, म्हणजे काजळीही नाही. चांगलेच झाले, हवा स्वच्छ राहील. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात अशा दोन-तीन उभ्या असतात. मी त्यांच्याजवळून जातो तेव्हा रॉकेलचा वास येत नाही, एवढेच.

टेबलावरचा पिस्टन मात्र अजून चकाकतो. त्याच्यावरून बोट फिरवले की खरखर लागते.