दास्तानगोचा इन्साफ

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याने सुट्टीत एक खेळ घरी आणला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. यात पट मांडायचा नसतो, पत्ते वाटायचे नसतात. चार-पाच जण गोल करून बसतात आणि प्रत्येक जण एक पात्र होतो, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. एक जण गोष्ट सांगतो. "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय. काय करता?" खेळणारे आपापलं सांगतात आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्या अंगणात हे काम माझ्याकडे आलं. दर रविवारी असरच्या नमाजनंतर गल्लीतली सहा-सात मुलं जमतात.

या खेळातली खरी अडचण अशी की राक्षसही मीच, दुकानदारही मीच, वादळही मीच आणि पंचही मीच. शत्रूच्या बाजूने खेळणाऱ्यानेच न्याय करायचा. क्रिकेटमध्ये बॉलरच अंपायर असेल तर काय होईल, ते केजच्या मैदानावर खेळलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

हा पेच जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटने सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धाचा खेळ नीट बसवला. त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते आणि मध्ये एक पंच होता. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी ड्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने म्हटलं की तक्त्यांचं ओझं कशाला, अनुभवी पंचाच्या समजेवर सोडा. नियम मोठा की पंच, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला, तेव्हा तो वाद लढाईतून निघून राक्षसांच्या गुहेत आला, इतकंच.

आमच्याकडे पहिला वाद मात्र फाशांवरूनच झाला. शेजारच्या एका बुजुर्गांनी फासे पाहिले आणि म्हणाले, "ये कायकू लाये घर में?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. नर्द या फाशांच्या खेळाला मना करणारी हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे, आणि जुगाराची मनाई तर कुरआनातच आहे. आम्ही पैसे लावत नव्हतो. तरीही ज्या घरांतून मुलं येतात त्या घरांच्या मनात किंतु ठेवून खेळ चालवणं मला पटेना. फासे भाच्याच्या बॅगेत परत गेले आणि आम्ही कुरा काढू लागलो, म्हणजे चिठ्ठ्या. कुऱ्याला आपल्याकडे मान आहे. हजरत मरियम यांचा सांभाळ कुणी करायचा हे लेखण्या टाकून ठरल्याचं कुरआनात येतं. प्रवासाला निघताना सोबत कुणी यायचं हे प्रेषित (स.) आपल्या पत्नींमध्ये कुरा टाकून ठरवत, असं 'सहीह बुखारी'त आहे. सगळ्यांचा हक सारखा असेल तेव्हा माणसाने आपली मर्जी मध्ये आणू नये, यासाठीच तो आहे.

चिठ्ठ्या फार दिवस टिकल्या नाहीत. वीस नंबरच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडला आणि पोरांची बोटं तेवढीच शोधू लागली. मग हाऊजीच्या सेटमधल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या काढल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. सगळ्या सारख्या, बोटांना फरक कळत नाही. काढलेली सोंगटी प्रत्येक वेळी परत डब्यात जाते, नाहीतर हिशेबाला पक्की पोरं उरलेले आकडे मोजत बसतात. हात खेळणाऱ्याचा, डबा सगळ्यांच्या मधोमध. कित्येक गेम मास्टर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे फासा टाकतात. माझ्याकडे आडोसा नाही.

पण आकडा उघडा ठेवला म्हणून गोष्ट न्याय्य होत नाही. ज्या विहिरीत पडलं की मरण ठरलेलं, ती विहीर मी काही न सांगता पायाखाली ठेवली, तर सोंगट्या कितीही सच्च्या असोत, तो अन्यायच. हे मी इंग्रजी पुस्तकातून शिकले नाही, 'तिलिस्म-ए-होशरुबा'तून शिकले. १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही दास्तान छापली. पहिले खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. त्यातला अफ्रासियाब जादूगारांचा बादशहा, त्याच्या जादूला अंत नाही. तरी प्रत्येक तिलिस्मला एक लौह असते, म्हणजे पाटी, आणि तिलिस्म कसा मोडायचा ते तिच्यावर लिहिलेलं असतं. अफ्रासियाब ती लपवील, वाटेत शंभर संकटं उभी करील, पण ती नाहीशी करू शकत नाही. शत्रू कितीही बलवान असू दे, बाहेर पडायची वाट कुठेतरी असलीच पाहिजे आणि ती शोधणाऱ्याला सापडण्याजोगी हवी.

गायगॅक्सची 'टूम ऑफ हॉरर्स' ही गुहा मारक म्हणून बदनाम आहे. तिच्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, त्याच्या उघड्या तोंडात जो जाईल तो संपला. पण तिथेही सुरुवातीच्या फरशीवर सूचना कोरलेली आहे. न वाचता पुढे धावणाऱ्यांनी तक्रार करू नये, असं माझं मत. आमचा तिलिस्म मी धारूरच्या किल्ल्यात बसवला आहे. दर रविवारी निदान एक तरी लौह मी वहीत आधी लिहून ठेवते, कधी म्हातारीचं बोलणं, कधी उलटा टांगलेला कंदील. मुलांना ती नाही सापडली तर नाही सापडली, पण मागाहून मी ती हलवत नाही.

याच गायगॅक्सने १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात गेम मास्टरला फाशाचा कौल बाजूला सारायची मुभा दिली आहे. हे मला मान्य नाही. माझी मुलगीही खेळते. एकदा तुटका पूल ओलांडताना तिला तेरा किंवा वर हवं होतं, वीसपैकी आठ सोंगट्या तिच्या बाजूने. हे मी तिने हात घालायच्या आधी मोठ्याने सांगितलं होतं. सात आला. ती म्हणाली, "अम्मी, येक बार और." बाकीची पोरं तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. पात्र दरीत गेलं. रात्री जेवेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दया करूच नये असं मी म्हणत नाही. बोर्डातही ग्रेस मार्क असतात, पण त्यांचा नियम आधी ठरतो, पेपर तपासणाऱ्याच्या मनावर तो नसतो. आमच्यातही प्रत्येक पात्राला एकदा, फक्त एकदा, सारी दौलत देऊन जीव परत मिळतो. तिने दिली. पुढच्या रविवारी ती रिकाम्या खिशाने खेळायला बसली.

सगळ्यात अवघड निवाडा फाशाचा नव्हताच. आमच्यातला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. मुकादमाची उचल घेतलेली, जाणं भागच होतं. त्याचं पात्र अय्यार, अमर अय्यारासारखीच झंबील बाळगणारा, जिच्यात सगळं मावतं. दोन रविवार झाले आणि पोरं म्हणाली, त्याला राक्षसासमोर पुढे पाठवू, नाहीतरी तो इथे नाही. मी नाही म्हटलं. मग हिश्शाचा प्रश्न आला. "खेल्याच नै तो हिस्सा कायका?" या बोलण्यात तथ्य होतं. सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, गेला त्या दिवसापर्यंतचा हिस्सा त्याचा, नंतरचा आपला. हा निवाडा मी तसाच्या तसा घेतला, कारण याहून नेमका मला सुचला नसता. त्याचा भाग वहीत अमानत म्हणून लिहिला. त्यात मी एकच भर घातली. ताकद मात्र सगळ्यांबरोबर त्याचीही वाढेल, नाहीतर परत आल्यावर तो नुसता आमच्या मागे फिरत राहील. यावर दोघं रुसले. एक जण अजूनही म्हणतो की बाजीने त्याला फुकट दिलं. म्हणू दे.

एप्रिलमध्ये तो आला. काळवंडलेला, हातावर पाचटाचे ओरखडे. बसल्या बसल्या विचारलं, "बाजी, मेरी झंबील में क्या क्या है?" मी वही उघडून वाचलं: चाळीस अशर्फ्या, दोरखंड, बेशुद्धीच्या भुकटीची पुडी, एक घोडा. घोड्यावरून थोडी कुरकुर झाली. समोर पूर आलेली नदी होती. पार व्हायला अकरा हवेत, असं सांगून मी डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने चार काढला, दोरखंड वाहून गेला, आणि पुढची पाळी माझ्या मुलीची होती.