मधला माणूस

खोपोलीच्या बाजारात, औषधाच्या एका दुकानाच्या माडीवर, सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लागून सीडींचं कपाट. तो चालवणारे दादा खालापूरजवळच्या एका गावचे, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. २००७च्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडून दोन सीडी उसन्या घेतल्या. परत केल्या २०२३च्या फेब्रुवारीत. दादांनी त्या कधी मागितल्या नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कर्जत स्टेशनात नोकरीला होते. त्या वर्षी मे महिन्यात ते रिटायर झाले आणि फंडाचे पैसे हातात आले. मी इंजिनिअर होऊन एका कंपनीत सहा महिने काढले होते. मला ते सोडून पुण्यात व्हिडिओ गेम तयार करायला शिकायचं होतं. फी अडीच लाख. जेवताना विषय काढला तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "गेम म्हणजे ते पार्लरमधले?"

मी हो म्हणालो.

"मग झालं." आणि ते ताटावरून उठले.

पार्लरचं असं झालं होतं. मी सातवीत असताना स्टेशनबाहेरच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमची मशीनं आली. रुपयाचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. शिकवणी बुडवून मी तिथं उभा होतो आणि अण्णा ड्यूटीच्या कपड्यांत आत आले. त्यांनी हात उगारला नाही. मनगट धरून मला फलाटावर नेलं, बाकावर बसवलं आणि त्यांची पाळी सुटेपर्यंत, रात्री दहापर्यंत, उठू दिलं नाही. त्या पाच तासांत किती गाड्या आल्या आणि घाट चढायला निघून गेल्या. गाडी थांबली की लोक उड्या मारून उतरायचे, दिवाडकरांचे वडे घ्यायचे, पुन्हा चढायचे. मी वडे घेणारी माणसं बघत होतो. गाडीच्या शेपटाकडं अण्णा काय करत होते, ते मी पाहिलं नाही.

तर अण्णांचं मन वळवायचं, आणि तेही गेम दाखवूनच, असं मी ठरवलं. घरी जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. आधी क्रिकेट लावलं. अण्णा दोन षटकं बसले, म्हणाले, "टीव्हीवर खरं असतं की." मग रोड रॅश. मोटारसायकलवरून लाथा मारत, पोलिसाला पाडून पुढं जाणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पडदा बंद करायला सांगितलं. त्यात त्यांची चूक नव्हती. मी मला आवडतं ते त्यांच्यापुढं ठेवत होतो. बुद्धिबळ ते खेळले, जिंकलेही, पण समोर माणूस नाही म्हणून पट मोडून उठावं तसे उठले.

मी तेव्हा रविवारी दादांच्या कॅफेत मशीनं दुरुस्त करायला जायचो. कर्जतहून लोकलनं पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. आज ही फाट्याची लाइन आहे, पण १८५६ साली रेल्वे घाटाच्या पायथ्याशी आली ती खोपोलीलाच, आणि बोरघाट फोडून वर जायला १८६३ उजाडलं. दादांना मी घरचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वडील रेल्वेत काय होते?"

"पॉइंटमन."

"म्हणजे काय करायचे?"

मी गप्प. बावीस वर्षांचा होतो, जन्म रेल्वेच्या चाळीतला, आणि मला सांगता आलं नाही. दादांनी ते लक्षात घेतलं, पण ताणलं नाही. म्हणाले, "माझे वडील कारखान्यात होते. काय करायचे ते मीही कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. तू विचारून ये, मग आपण गेम निवडू."

घरी येऊन विचारलं. अण्णा म्हणाले, "गाडी जोडायची. सोडायची."

पुढच्या रविवारी हे मी दादांना सांगितलं. त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, २००१ सालचा, दोन सीडी आणि जाड माहितीपुस्तक. मुंबईहून पदरचे पैसे घालून आणलेला अस्सल माल. कॅफेतल्या पोरांना त्यात रस नव्हता. गाडी हळू जाते, कुणी मरत नाही. "घेऊन जा," दादा म्हणाले. "ह्यात सहा लाइनी आहेत. जपानची हिसात्सू आहे, ती लाव आधी." आणि मग त्यांनी इंटरनेटवर बसून, त्या तासाचे पैसे न घेता, मला त्या लाइनीची माहिती शोधून दिली.

लोडशेडिंग संपल्यावर रात्री नऊला मी गेम लावला. अण्णा चहाचा कप घेऊन मागं उभे राहिले.

"हे कुठलं?"

"जपान. हिसात्सू लाइन. १९०९ सालची आहे."

"चढ किती?"

"हजाराला तीस."

अण्णांनी वर आढ्याकडं पाहिलं. "म्हणजे तेहतीसला एक. आपला सदतीसला एक." थोड्या वेळानं, "मागं काय लावलंय?"

"काही नाही. एकच डबा आहे, डिझेलचा. त्याच्याच पोटात इंजिन."

"बरं." त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि खुर्ची ओढली.

त्या लाइनीवर ओकोबा नावाचं स्टेशन आहे. गाडी चढून तिथं येते आणि पुढं वाट नसते. उलट निघायचं, थोडं मागं जाऊन थांबायचं, पुन्हा दिशा बदलायची, मग डोंगराला वेढा घालून वर. गाडी उलटी निघाली तसे अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "हे आपल्याकडं होतं," ते म्हणाले. "खंडाळ्याच्या खाली. रिव्हर्सिंग. गाडी यायची, थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या तोंडानं पुढं. माझे आजोबा तिथं गँगला होते." १९२९ साली नवे बोगदे पाडून ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. आपले पणजोबा तिथं रुळांवर राबत होते, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर अण्णा रोज बसू लागले. गती वाढवायला 'डी', कमी करायला 'ए', शिट्टीला लांब पट्टी. आईच्या कुंकवाची दोन बोटं त्यांनी त्या अक्षरांवर लावून घेतली. गाडी मुक्कामाला पोचली की गेम हिशेब दाखवतो: कुठल्या स्टेशनात किती वाजता, वेग कुठं मर्यादेबाहेर गेला. माझ्या हिशेबात नेहमी चुका. अण्णांच्या हिशेबात तिसऱ्या दिवसापासून एकही नाही. प्रत्येक बोगद्याआधी ते शिट्टी द्यायचे. त्या जपानी डोंगरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी द्यायचे. आयुष्यभर ते गाडीच्या मागच्या टोकाला उभे राहिले होते. पुढच्या काचेतून रूळ अंगावर येताना पाहणं त्यांना रिटायर झाल्यावर, आमच्या बाहेरच्या खोलीत मिळालं.

माझं काम झालं, असं मी धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी अमेरिकेची लाइन लावली, मोंटानातली मरायस पास. तिथं मालगाड्या होत्या, यार्डात डबे जोडायचं काम होतं. मी इंजिन हळूच मागं नेलं, डब्याला टेकवलं, आवाज झाला, जोडलं गेलं. कळफलकावरचा सहाचा आकडा दाबला की दोन डब्यांच्या मधली जागा दिसते. ती मी अण्णांना हौसेनं दाखवली.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मधे कोण गेला?"

"कुणी नाही अण्णा. आपोआप लागतं."

"पाइप?"

"तोही."

"तसं नसतं," अण्णा म्हणाले आणि उठून गेले. आठ दिवस त्यांनी कॉम्प्युटरकडं पाहिलं नाही.

मला वाटलं, हातातलं गेलं. दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, हेच तर विचारायचं होतं तुला. जा, विचार मधे कोण जायचा."

त्या रात्री स्वयंपाकघरात विचारलं. अण्णांनी दोन पाट घेतले, समोरासमोर उभे केले. हा गाडीचा शेवटचा डबा, हा बँकर. घाट चढताना सगळं ओझं पुढच्या एका इंजिनानं ओढलं तर सगळा ताण पहिल्या कपलिंगवर येतो. ते तुटलं तर डबे मागं घरंगळत येतात. म्हणून कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं लावतात, ती बँकर. बँकर हळू येतो, बफरला बफर टेकतो. मग पॉइंटमननं वाकून बफरखालून मधे शिरायचं. दोन्हीकडं लोखंड, वर डबा, पाठीवर पाऊस. स्क्रूचं कपलिंग दोन्ही हातांनी उचलून पलीकडच्या हुकात टाकायचं, दांडी फिरवून आवळायचं, पाइप जोडायचा, बाहेर यायचं आणि हात दाखवायचा. हात दिसल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. हे सगळं गाडी फलाटावर उभी आहे तेवढ्या वेळात. अण्णांनी कमरेचा पट्टा सोडून कपलिंग म्हणून दोन पाटांमधे अडकवला. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही; ती कधी आणि कशी गेली, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. श्रावणातली रात्र होती, आणि त्या रात्री ते पाळी पुरी करून घरी आले होते.

आई भाकरी थापायची थांबली होती. "दार लागून चेमटली म्हणाला होतात," ती म्हणाली. तीस वर्षं तिला दारच ठाऊक होतं.

मग अण्णा उतरणीबद्दल बोलले. घाटात उतरणाऱ्या गाडीला कॅच साइडिंगपाशी थांबावंच लागतं. तिथला सांधा साइडिंगकडंच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं तरच तो मेन लाइनला फिरतो. ताब्यात नसेल तर ती साइडिंगच्या चढावर जाऊन दमते आणि खालच्या गाड्या वाचतात. ठाकूरवाडी, जांबरुंग, मंकी हिल ही नावं ते घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेत होते. मी ऐकत राहिलो. इतकं ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बँकेत नेलं. स्लिपवर सही करताना म्हणाले, "मला तो गेम पटला नाही. गाडी बरोबर आहे, पण माणूस गाळलाय. तू करशील त्यात मधला माणूस घाल."

मी पुण्याला शिकलो आणि २००९पासून त्याच कामात आहे. एकदा आम्ही बंदरातल्या क्रेनचा गेम करत होतो. हुकाखाली झेंडी घेऊन उभा असलेला माणूस मी त्यात घातला. मोबाइलवर जड होतो म्हणून तो काढून टाका, असं ठरत होतं. मी दोन रात्री बसून त्याचे कपडे, हातांचे बारकावे सगळं कमी केलं, पण तो ठेवला. गेम फारसा चालला नाही. तो माणूस मात्र अजून तिथं झेंडी दाखवतो आहे.

सीडी कर्जतलाच राहिल्या. कॉम्प्युटर बदलले, जुना गेम चालेना, तेव्हा मी ओपन रेल्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यावर जुन्या लाइनी पुन्हा धावू लागल्या. जुलै २०२०मध्ये जपानात कुमा नदीला पूर आला. अण्णांनी फोनवर बातमी पाहिली आणि मला पुण्याला फोन केला. "आपली लाइन वाहून गेली रे." मला कळेना कुठली. बोरघाटात काही झालं का, विचारलं. "हिसात्सू," ते म्हणाले. त्या डोंगरातल्या गाड्या तेव्हापासून बंद आहेत. अण्णा आठवड्यातून एकदा ओकोबाला जाऊन येतात.

१० फेब्रुवारी २०२३ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बँकर न लावता घाट चढते, म्हणून कर्जतला थांबत नाही. पुढच्या आठवड्यात मी घरी गेलो तेव्हा अण्णा मला फलाटावर घेऊन गेले. आम्ही त्याच बाजूच्या एका बाकावर बसलो. गाडी आली आणि सरळ निघून गेली. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचं लक्ष चाकांकडं होतं. "निम्म्या डब्यांना मोटरी आहेत म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे बँकर पोटातच घातला. मधे कुणाला जायला नको. चांगलं झालं." मग काही वेळानं, "त्या खोपोलीच्या माणसाच्या सीडी द्यायच्या राहिल्यात. मी येतो."

कॅफे कधीच बंद झाला होता. दादा आता त्याच रस्त्यावर झेरॉक्स काढतात, लोकांचे फॉर्म भरून देतात. केस पिकले आहेत. मी खोकं त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते न उघडता टेबलावर ठेवलं आणि अण्णांना नमस्कार केला. अण्णा काहीतरी बोलायचं ठरवून आले होते. लोकलमध्ये त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते. पण त्यांना शब्द सापडेनात. ते नुसते दादांचा हात धरून उभे राहिले.

दादांनी त्यांना सोडवलं. "काका, एक विचारू? ह्याला तेव्हा विचारलं होतं, ह्याला सांगता आलं नव्हतं. पॉइंटमन म्हणजे नेमकं काय करायचे तुम्ही?"

परतीची लोकल सुटायला दहा मिनिटं होती. अण्णांनी दुकानात नजर फिरवली, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली दोन स्टुलं ओढली आणि एकमेकांसमोर लावली. "हा शेवटचा डबा," ते म्हणाले, आणि मागं वळून माझ्याकडं हात केला, "पट्टा दे तुझा."