मंडाई आणि सापाची अंडी

सिंगापूरला आलेल्या पुणेकराला 'मंडाई' हे नाव ऐकून हसू येतंच. आपल्या मंडईत भाजी मिळते, इथल्या मंडाईत प्राणी राहतात! देशातून पाहुणे आले की आम्ही त्यांना खतिब स्टेशनवरून बसने तिकडे नेतो. २७ जून १९७३ रोजी उघडलेल्या या प्राणिसंग्रहालयात 'रेपटोपिया' हा सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग आहे. मुलांच्या आवडीचा, आज्यांच्या नावडीचा. तिथे काचेपुढे उभं राहिलं की एक प्रश्न हटकून येतो : सापाची अंडी उबवतं कोण? आणि आत जीव आहे की नाही, हे बाहेरून कळतं कसं?

हा प्रश्न इथे काचेपलीकडचाच नाही. जगातला सर्वांत लांब साप, जाळीदार अजगर, या बेटाचा जुना रहिवासी. उंदरांच्या मागावर तो मोठ्या नाल्यांतून थेट वस्तीपर्यंत येतो. बहुतेक साप अंडी घालतात आणि निघून जातात. अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, साधारण ८०-९० दिवस. आपल्या भारतीय अजगराची आणि त्याच्या ब्रह्मी भावंडाची मादी तर गारठा पडला की स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. पॅरिसमध्ये १८४१ साली अशा मादीचं तापमान मोजून हे दाखवण्यात आलं.

आई नसेल तेव्हा जाणकार लोक पेटी वापरतात. पेटीत ओलसर व्हर्मिक्युलाइट, त्यावर अंडी, आणि अजगरासाठी ३१-३२ अंश सेल्सिअस तापमान. सिंगापूरची हवा दमट खरी, पण रात्री पारा पंचविशीपर्यंत उतरतो, म्हणून थर्मोस्टॅट लागतोच. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात. सापाची मुळीच फिरवायची नाहीत. गर्भ वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो, अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणून वरच्या अंगाला पेन्सिलीने खूण करून ठेवतात.

आता परीक्षा. चांगलं अंडं पांढरं, फुगीर, हाताला कोरडं लागणारं. फळलेलंच नसेल तर बहुधा लहान, पिवळट, बुळबुळीत. पण रूपावर जाऊ नये. खळगा पडलेलं अंडं कदाचित नुसतं तहानलेलं असतं, ओल वाढवली की पुन्हा भरतं. थोडी बुरशी कवचावरच असू शकते. अंधारात कवचाला छोटा टॉर्च लावून पाहिलं आणि लाल शिरांचं जाळं दिसलं, तर जीव आहे. आम्हा इंजिनियर मंडळींना हे ओळखीचं : वस्तू न फोडता केलेली तपासणी! काही आठवड्यांनंतरही नुसता पिवळा उजेड दिसला, तर आशा कमी. शेवटी शेवटी पिल्लू एवढं मोठं होतं की आत काळोखच दिसतो, आणि फुटण्याआधी अंडी थोडी बसतातही. म्हणजे नेमकं जिवंत अंडं मेल्यासारखं वाटायची ही वेळ!

त्यामुळे नियम एकच : शंका असेल तर राहू द्यावं. दुर्गंध आला, अंडं पार बसून गळू लागलं, तरच काढावं. शेजारच्या अंड्यांना चिकटलेलं असेल तर ओढू नये. पिल्लू स्वतःच तात्पुरत्या दाताने कवचाला चीर पाडतं आणि उरलेला बलक शोषून घेत एक-दोन दिवस आतच बसतं. आपण मदत करायला जाऊ नये.

घरी करून पाहण्याची ही कृती नव्हे. सिंगापूरमध्ये साप पाळायला बंदी आहे, आणि २०२० पासून 'वाइल्डलाइफ ॲक्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने परवानगीशिवाय वन्यप्राणी पकडता वा मारता येत नाहीत. ब्लॉकखालच्या झुडपात अंडी दिसली, तर 'जिवंत आहेत का बघू' म्हणून उचलून उलटीपालटी करू नयेत. तेवढ्यानेच ती मरू शकतात, आणि आई जवळ असेल तर आपलंही काही खरं नाही. लांब उभं राहून नॅशनल पार्क्स बोर्डाला कळवावं.

नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं मरतात. त्याला ती मारायची नव्हती, जमिनीखाली काय आहे हे त्याला दिसलं नाही, इतकंच. म्हणून त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही. सिंगापुरात आपल्या मुलांच्या हाती नांगर नाही, पण कुतूहलाने उचलणारे हात आहेत. यंदा श्रावणात कहाणी सांगताना अंड्यांची ही गोष्टही जरूर सांगावी.