९४ पायऱ्यांचं कोठार

पाटण्याचं गोलघर हे जुनं धान्यकोठार पाहिल्यापासून दुष्काळातून जन्मलेल्या वास्तूंनी मला झपाटलं आहे. डब्लिनची भाची फोनवर सहज म्हणाली, “मामा, गोलघराची थोरली बहीण इथे आहे. जिना तसाच बाहेरून, आणि वयानं ४३ वर्षांनी मोठी!” बेत तिथेच ठरला.

डब्लिनमधलं लॉज महाग आणि गारठलेलं. दोन स्वेटर घालून रात्र काढली. सकाळी ‘बुक ऑफ केल्स’ हे जुनं हस्तलिखित उभ्या उभ्या पाहिलं आणि मेनूथकडे जाणाऱ्या गाडीनं किल्डेअर परगण्यातलं लीक्सलिप गाठलं.

नव्या वसाहतींजवळ, मोटारींच्या घरघरीत ते उभं आहे: ‘वंडरफुल बार्न’. उंची ७३ फूट, वर निमुळतं होत गेलेलं, आणि अंगाला वेटोळे घालत चढणारा ९४ पायऱ्यांचा जिना. शेजारी तशाच घाटाचे दोन बुटके कबुतरखाने. संरक्षित वास्तू, त्यामुळे कुलूप. देवळाला घालावी तशी मी प्रदक्षिणा घातली.

१७३९च्या अखेरीस आयर्लंडमध्ये अशी थंडी पडली की जमिनीतले बटाटे गोठून नासले. मागोमाग अवर्षण आणि साथी. १७४०-४१च्या त्या दुष्काळात आठातला एक तरी माणूस दगावला असं मानतात. शेजारच्या कॅसलटाउन वाड्याची विधवा मालकीण कॅथरीन कॉनॉली हिनं तेव्हा दुष्काळी कामं काढली. १७४०मध्ये १४० फुटी स्तंभ-कमान उभारली. तीन-चारशे पौंडांच्या खर्चानं तिची बहीण पत्रात हबकलेली दिसते. तरी कॅथरीन थांबली नाही. १७४३मध्ये हे कोठार झालं.

भाचीच्या ओळखीचे इतिहासाचे अध्यापक सोबत होते. ते म्हणाले, “कोठार कसलं? हाही कबुतरखानाच असणार. मांसाच्या टंचाईत कबुतरं खात.”

“मग प्रत्येक मजल्याच्या मधोमध भोक कशाला? धान्य वर ओढायलाच ना?” मी विचारलं. “गोलघराच्या १४५ पायऱ्याही धान्य वरून ओतण्यासाठीच होत्या.”

“म्हणजे गोलघर बांधणाऱ्या गार्स्टिननं हे पाहिलं होतं?”

तसं मी म्हणणार नाही. घाट सारखा म्हणून नातं सिद्ध होत नाही. भाचीची ‘थोरली बहीण’ मी तिथेच सोडून दिली.

पुढे कॅसलटाउनचा वाडा पाहायचा होता, पाय निघेना. बारीक पाऊस सुरू झाला, ओल्या पायऱ्या चकाकू लागल्या आणि वाद मनातून उतरला. गोलघर कंपनी सरकारनं पुढच्या दुष्काळासाठी बांधलं, पण ते काठोकाठ कधी भरलंच नाही. इथे दाणे साठले की कबुतरं, यावर अभ्यासक खुशाल भांडोत. हे कोठार बांधलं जात असतानाच कामाला आलं: दुष्काळानं खंगलेल्या मुलखात त्यानं हातांना काम आणि घरात मजुरी दिली. माझ्या लेखी हीच त्याची थोरवी.

तिथल्या दगडावर १७४३ साल कोरलं आहे, आणि बांधणाऱ्याचं नाव: जॉन ग्लिन.